जांभळी पापणी

सकाळी सातला साताऱ्यातल्या चाळीसेक घरांत एकच काम चाललेलं असे. खिडकीपाशी उभं केलेलं मूल, त्याच्या गालाला टेकवलेली बोटभर रुंदीची पट्टी, आणि आईची किंवा बापाची नजर पट्टीवरून डोळ्यावर, डोळ्यावरून पट्टीवर. पट्टीवर पाच चौकोन. पाच नंबरचा गर्द हिरवा, एक नंबरचा राखाडी. चार किंवा पाच असेल तर मूल शाळेला. तीन दिसला की त्याच दिवशी उपचार केंद्राला फोन.

केतकी भोइटे हे साडेचार वर्षं करत होती. पट्टी नवऱ्याच्या हातात तिनं कधीच दिली नाही. मंदारला सगळंच चार दिसायचं.

त्यांची सावनी अडीच वर्षांची असताना तिला झिजरोग निघाला होता. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर एक आवरण असतं. या मुलांत ते झिजत जातं. आधी बोटं जातात, मग पाय, मग घास गिळणं. यावर ‘रक्षक’ नावाचं औषध निघालं होतं, म्हणजे एक निरुपद्रवी विषाणू. तो पेशीत शिरून ते आवरण पुन्हा विणायला लावतो. पण कधीतरी तो थकतो, कुणात तीन वर्षांनी, कुणात दहा. थकायला लागल्यापासून तीस दिवसांत दुसरा डोस दिला तर शरीर तो घेतं. त्यानंतर शरीर त्याला परका समजून मारून टाकतं. मग पुढे काही नाही.

तो थकला हे कळावं म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला एक जास्तीचं काम लावून दिलं होतं. त्याला ते साक्षीरंग म्हणत.

“म्हणजे डोळ्यात हिरवा रंग सोडता?” पहिल्या भेटीत केतकीनं विचारलं होतं.

“हिरवा रंग कुणाच्याच डोळ्यात नसतो,” डॉक्टर नलिनी दाभोळे म्हणाल्या. औषध बनवणाऱ्या गटात त्या होत्या, आणि समजावून सांगायला त्यांना आवडायचं. “जन्मापासून घारे असतात, त्यांच्याही नसतो. आकाशात निळा रंग कुणी कालवलाय का? उजेड विखुरतो म्हणून निळं दिसतं. औषधानं बुबुळातला तपकिरी काढला की तसाच निळसर राखाडी उरतो. त्यावर आमचं औषध पिवळ्याचा एक पातळ थर देतं, की झाला हिरवा. औषध चालू तोवर पिवळा चालू. औषध थकलं की पिवळा ओसरतो आणि खालचा राखाडी वर येतो.”

“आणि मोजायचं यंत्र?”

“ते केंद्रावर, तीन महिन्यांनी एकदा. रोजचं तुम्ही बघायचं. फोनमधल्या फोटोवर जाऊ नका, फोन आपल्या मनानं डोळे चमकवतो. आईच्या नजरेवर माझा जास्त विश्वास आहे.”

हे वाक्य केतकीनं मनात जपून ठेवलं होतं.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आलं. दुसरीच्या मुलींचा कोळीनाच होता. मेकअपला पार्लरच्या रोहिणीताई आल्या होत्या. सावनीची हनुवटी वर करून त्या थांबल्या.

“आई कुठंय हिची? या इकडे, बघून ठेवा. घारे डोळे म्हटले की बायका हिरवी आयशॅडो फासतात. डोळाच मरतो त्यानं. निळीपण नको. हिरव्याला उठाव द्यायचा तर लालसर जांभळा, पिकल्या जांभळाच्या सालीचा.”

त्यांनी आधी पापणीवर पावडर थापली. मग ब्रशवरचा जास्तीचा रंग झटकून बाहेरच्या कोपऱ्यापासून पापणीच्या घडीत तो हलके हलके फिरवला, कड कुठे संपते ते कळेनासं होईपर्यंत. मधोमध बोटानं तांब्याच्या रंगाची चमक टेकवली. काळ्या काजळाऐवजी मरून रंगाची रेघ.

“आता बघा.”

केतकीनं पाहिलं. आठवडाभर रोज सकाळी तिचा जीव टांगणीला होता. चार की साडेतीन? तीन तर नाही ना? रात्री नीट झोपली नसेल, ढग असतील, असं ती स्वतःला सांगत होती. आता समोरचे डोळे शेवाळासारखे हिरवे होते. तिनं पर्समधली पट्टी काढून गालाला लावली. साडेचार.

“आई, मी मांजर दिसते ना? वर्गातला ओम मला मांजरीच म्हणतो.”

“म्हणू दे. त्याला म्हण, बोचकारीन.” केतकी किती दिवसांनी हसली.

रोहिणीताईंनी उरलेली डबी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सावनी ती घेऊनच खिडकीपाशी आली. “थोडंसंच लाव ना.”

“शाळेत बाई ओरडतील,” मंदार आतून म्हणाला.

“पुसून पाठवते.”

आणि तोच क्रम पडला. आधी रंग, मग पट्टी, मग ओल्या रुमालानं पुसणं. पुसल्यावर परत बघायला वेळ नसायचा, कारण खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवायचे. वहीत तारखेपुढे रोज चार लिहिलं जायचं. केतकीला झोप लागू लागली. घडीत रंग कसा फिरवायचा हे तिला आता रोहिणीताईंपेक्षा चांगलं जमत होतं.

जानेवारीत सावनीला युनिफॉर्मचं बटण लावता येईना. “लाडावलीय,” केतकी म्हणाली. डब्याचं झाकण दोनदा पडलं. “थंडीनं बोटं आखडतात.” जानेवारीअखेर तिमाही तपासणीला ती मुलीला नटवूनच घेऊन गेली.

डॉक्टरांनी यंत्राचा आकडा पाहिला, मग सावनीकडे, मग परत आकडा. त्यांनी कापूस ओला केला आणि दोन्ही पापण्या पुसल्या.

सावनीचे डोळे राखेसारखे होते.

“हे कधीपासून लावताय?”

“गॅदरिंगपासून. पण मी रोज बघत होते डॉक्टर. एक दिवस चुकवला नाही. वही आणलीय.”

डॉक्टरांनी राखाडी कागदाचे दोन तुकडे कापले. एक पांढऱ्या कागदावर ठेवला, दुसरा जांभळ्या फाइलवर. फाइलवरचा तुकडा चक्क हिरवट दिसत होता. “एकाच कागदाचे आहेत. डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्याशी ताडून बघतो. जांभळ्याशेजारी राखाडी हिरवा होतो. पट्टीला पांढरी किनार आहे, म्हणून ती तशीच राहते. डोळ्याला तुम्ही जांभळी किनार दिलीत.”

“आता कळलं. आता नाही फसणार.”

“तसं नसतं. मी तीस वर्षं हेच शिकवतेय, आणि मलाही तो तुकडा आत्ता हिरवाच दिसतोय.” त्यांनी वही उघडली. “रुमालानं पुसल्यावर एकदाही बघितलं नाहीत?”

“रिक्षा यायची.”

डॉक्टरांनी वहीतल्या तारखा मोजल्या. केतकीनं मान खाली घातली. शंकेचा पहिला आठवडा धरून पन्नास दिवस होऊन गेले होते, आणि दुसऱ्या डोसला तीसच होते.

पुढच्या महिन्यात नव्या पट्ट्या आल्या. मागे बारीक अक्षरांत एक ओळ वाढली होती, तपासणीपूर्वी डोळ्यांभोवती रंग लावू नये. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, हे काय सांगावं लागतं का? खाली हसरे चेहरे आले. केतकीनं ग्रुप सोडला नाही.

केंद्रानं भोइट्यांची पट्टी परत मागून घेतली.

मार्चमध्ये सावनीची शाळा बंद झाली. सकाळी सातला ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असे, मांडीवर हात उताणे पडलेले.

“आई, लाव ना थोडंसं.”

मंदार दारात उभा होता. केतकीनं ब्रश घेतला, रंग झटकला, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत आणला. मधोमध तांब्याची चमक टेकवली. सावनीला आरसा धरता येत नव्हता, म्हणून केतकीनंच तो समोर धरला.

आणि तिला सगळं माहीत असूनही डोळे हिरवे झाले. तिच्या छातीतलं काहीतरी रोजच्यासारखं सैल झालं.

“किती गं?” सावनीनं विचारलं. तिची जीभ आता जड पडायची.

“चार,” केतकी म्हणाली. तिला खरोखरच चार दिसत होतं.