गोधडीखालचं रोप

सदर बाजारातल्या औषधांच्या दुकानात मी ऑलिव्ह तेलाची डबी मागितली, तसा शेजारी उभा असलेला उंच माणूस हसला.

"जैतून म्हणतात याले. हेच झाड लावायले चाललो मी, कुल्लूकडच्या डोंगरात. पाच वर्षांनी तुम्हाले आपलं देशी तेल देतो."

"पाच वर्षांनी माझा मुलगा पळत असेल... चोळू कोणाला?" मी म्हटलं, आणि हसले. मुकुंदचे वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

त्याचं नाव चंद्रभान. कुहीकडचा, शेतकी कॉलेजात शिकलेला. निघण्याआधी घरी येऊन एक वीतभर रोप देऊन गेला, डालड्याच्या डब्यात लावलेलं. मग दर महिन्याला पत्र. उतारावर किती रोपं जगली, किती वाळली. आणि शेवटी नेहमी एकच ओळ – आपल्या रोपाले फूल आलं का?

'आपल्या'... तेवढ्यासाठी मी पत्र पुन्हा उघडायची.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, तो आला. अंगणातच थबकला. आता कुंडीत वाढलेल्या रोपावर मुकुंदची गोधडी होती.

"काहून झाकलं?"

"गारठा बाधेल म्हणून. दर हिवाळ्यात झाकते."

त्याने गोधडी काढली, नीट घडी केली. पानं तजेलदार होती. "थंडी खाल्ल्याशिवाय हे झाड फुलतच नाही," तो हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. मग, माझ्याकडे न बघता – "डोंगरात चला, उत्तरा. मुकुंदले घेऊन. लग्न करू आपण."

आत मुकुंद खोकला. त्या खोकल्यामागची शिट्टी मी झोपेतही ओळखते. मागच्या हिवाळ्यात, इथे नागपुरातच, त्याचे ओठ निळे पडले होते. थंड हवेच्या ठिकाणी नेऊ नका, डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तिथे थंडी किती महिने?"

"चार... पाच." तोही खोकला ऐकत होता. "मग मी येतो इथं."

"आणि तिकडची झाडं?"

त्याने हातातली गोधडी कुंडीशेजारी मातीवर ठेवली. पुढच्या वर्षी त्यांना पहिलं फळ धरायचं होतं. पत्रांतून मला सगळं ठाऊक होतं.

मी कुंडी उचलून त्याच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली.

"हे घेऊन जा. माझ्याकडे राहिलं तर मी याला झाकल्याशिवाय राहणार नाही."

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी उभी होते. मग गोधडीवरची माती झटकली, आत गेले आणि ती मुकुंदच्या अंगावर घातली.