दुसरी सही

बसच्या खिडकीशी बसून मी ट्रॅव्हलर्स चेकांवरची रिकामी जागा भरायला पेन उघडलं, आणि शेजारच्या माणसानं ते सरळ हिसकावून घेतलं!

"ओ मॅडम, काय करून राहिल्या? दुसरी सही नका करू!"

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारी बस, ब्याऐंशी सालचा उन्हाळा, आणि हा कोण कुठला... मी पडले मास्तरीण. पोरांच्या पेपरात रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. नागपूरच्या बँकेनं चेक देताना माझी एक सही घेतली होती. दुसरी राहूनच गेली, असं मला आत्ता वाटलं होतं.

"खालची सही परदेशात, पैसे देणाऱ्याच्या डोळ्यासमोर करा लागते," तो म्हणाला. "आताच केली आन् चेक चोरीले गेले, तं चोराची मजाच हाये."

"आन् तुमीच चोर नसान कशावरून?"

"चोर असतो तं सही करू देली असती ना!"

तो हसला. गालाला खळी पडते हे त्याला चांगलं ठाऊक असावं. नाव श्रावण, घर सौंसरला, नोकरी नागपूरच्या बँकेत. मीही सांगून टाकलं – मी चंद्रकला, आत्यासोबत श्रीलंकेला चालले आहे. शांताआत्यानं संत्र्याच्या बगीच्यात राबून वर्षानुवर्षं पैसा जोडला होता, एकदा अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहायचा म्हणून. तो सगळा पैसा माझ्या नावच्या या चेकांत होता. ते ऐकून त्याचं हसू जरा थांबलं.

सौंसरला तो माझ्यासोबत आत्याच्या घरापर्यंत आलाच. आत्या वाकळ शिवत बसली होती. चहा पिता पिता त्यानं आम्हाला सगळं समजावलं.

"लागन तेवढेच चेक मोडजा. पहिला आन् शेवटचा नंबर लिहून ठेवा, पण चेकांपासून दूर. रस्त्यावर कोनी जास्त भाव देतो म्हनला तरी त्याच्या मागं जाऊ नका."

"आन् बँकेतल्या मानसाच्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याच्या मागं... याले हरकत नाही."

आत्या खाली मान घालून टाके घालत होती. ऐकत मात्र सगळं होती. तो गेल्यावर लक्षात आलं – माझं पेन त्याच्याच खिशात गेलं! इतका राग आला, की दोन रात्री मला त्याच्याशिवाय काही सुचलं नाही.

आणि कोलंबोच्या स्टेशनवर, गाडीच्या गर्दीत, माझी पर्स गेली. चेक गेले. नंबरांची चिठ्ठीही गेली, कारण शहाणीनं ती त्याच पर्समध्ये ठेवली होती. आत्याच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत होईना. तिची सगळी उमर त्या पर्समध्ये होती.

चेकांच्या कंपनीच्या ऑफिसात साहेबानं विचारलं, "नंबर?" मला रडूच कोसळलं.

तेव्हा आत्या पुढे झाली. पांढऱ्या लुगड्याचा काठ तिनं टेबलावर उलटा करून धरला. आतून लाल दोऱ्यानं, अगदी छापल्यासारखे, दोन्ही नंबर शिवलेले!

"आत्या, तुले तं वाचता येत नाही!"

"नक्षी तं उतरवता येते ना वं? तू झोपली होती तवा तुही चिठ्ठी पाहू पाहू टाके घातले. लुगडं थोडंच कोनी अंगावरून नेते?"

साहेब चष्मा वर करून काठ बघत राहिला, मग खदखदून हसला. चोराला चेक वटवता आलाच नव्हता, कारण खाली सही नव्हती. नवे चेक दुसऱ्या दिवशी हातात पडले. त्यातला पहिला मी त्याच साहेबासमोर वटवला, आणि सही करताना नको तो चेहरा डोळ्यांसमोर आला. आत्या बोधिवृक्षाखाली हात जोडून कितीतरी वेळ उभी होती. मी तिला इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं.

परत पांढुर्ण्याला उतरलो, तर प्लॅटफॉर्मवर श्रावण! परतीची गाडी त्यानं चहा पिता पिताच आत्याला विचारून ठेवली होती. आत्यानं आधी त्याला लुगड्याचा काठ दाखवला, मग सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. तो ऐकत होता आत्याचं, बघत होता माझ्याकडे.

"हे तुमचं पेन," तो हळूच म्हणाला. "चुकून राहिलं होतं."

"चुकून?"

"नाही... मुद्दाम ठेवलं होतं. तुमी वापस मागाले याल म्हनून."

मी पेन त्याच्याच खिशाला परत अडकवलं.

"राहू द्या तुमच्याचजवळ. आता जिथं सही करायची, तिथं तुमच्यासमोरच करीन."

त्याची खळी उमटली, कान लाल झाले, आणि शब्द काही फुटेना.

"अवं, पोरगं तं मुकं झालं!" आत्या खुशीत ओरडली. "चाल रे बाबा, उचल पिशव्या. घरी चाल, बोलनी कराची हाये!"