तीनशे अंकांचं कुलूप

शीतबीजकोशाचं दार उघडण्यासाठी प्रयोगशाळेतले चार हजार संगणक अकरा महिने राबत होते. कोकणातल्या भातावर नवी बुरशी पडली होती. तिला दाद न देणारं एकमेव वाण त्या दाराआड होतं, आणि दार फोडलं तर आतला वायू सुटून बियाणं मरणार होतं. कुलपाची संख्या तीनशे अंकी. तिचे दोन मूळ अवयव सापडले, की प्रत्येकातून एक वजा करून किल्ली काढता येणार होती. कुलूप बनवणारे निवृत्त संचालक डॉ. हेरंब सहस्रबुद्धे यांनी त्या अवयवांचा कागद सुरक्षिततेसाठी स्वतःच जाळला होता. आता आपल्यालाही ते उघडता येणार नाही, असं ते अभिमानानं सांगत.

प्रकल्पप्रमुख इरावती तगारे यांना कृषिसचिव रोज विचारत, की आणखी संगणक दिले तर काम लवकर होईल का. शेवटी गणिती फैयाज मुजावर यांनी सचिवांना समजावलं. संख्या चाळण्याचं काम हजारो संगणक आपापलं करतात. ते केव्हाच संपलं होतं. पण चाळून आलेल्या कोट्यवधी समीकरणांची एकच सारणी होते, आणि ती सोडवताना प्रत्येक संगणकाला पावलोपावली बाकीच्यांसाठी थांबावं लागतं.

"तांदूळ सगळं गाव निवडू शकतं, साहेब," मुजावर म्हणाले. "भात एकाच पातेल्यात शिजतो."

सारणी सुटली. चौसष्ट उत्तरं आली. प्रत्येकातून अवयव मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणजे दोन-तीन पुरायला हवी होती. पहिल्यातून निघालं : एक, आणि ती संख्या स्वतः. दुसऱ्यातूनही तेच. चाळीस झाल्यावर मुजावरांनी संगणकांना दोष दिला, पन्नासनंतर स्वतःला. चौसष्टावंही तसंच निघालं. मग इरावतीबाईंनी हळूच विचारलं, "ही संख्या मुळात फुटते का, हे कुणी तपासलं होतं?"

संख्येचे अवयव काढायला वर्ष लागतं. ती मूळ, म्हणजे न फुटणारी, आहे की नाही हे कळायला सेकंदही लागत नाही. कुणी तपासलं नव्हतं, कारण संख्या सहस्रबुद्ध्यांची होती. मुजावरांनी तपासलं. मूळ होती. मूळ अवयव एकच, ती स्वतः; तेव्हा तिच्यातूनच एक वजा करायचा. सव्वा मिनिटात दार उघडलं. बियाणं जिवंत होतं.

इरावतीबाईंनी सहस्रबुद्ध्यांना फोन करून सगळं सांगितलं.

"दोन मूळ संख्या शोधल्याचं मला पक्कं आठवतंय," ते म्हणाले. "गुणाकार राहिला असेल."