रुमालाचं दुसरं टोक

विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा.

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर हे बेतलं, ती आसुंता आजही आमच्या डोंगरात राहते. पण ती स्वतः सांगत नाही. विचारलं, तर उठून आत जाते.

सांगतो तो तिचा नवरा, एफिझिओ. हा माणूस एरवी थट्टा केल्याशिवाय एक वाक्य बोलत नाही. हे सांगताना मात्र हसत नाही.

जागा सार्डिनिया बेटावरची. न्युओरो शहराच्या वर, ओकच्या जंगलाला लागून त्यांची शेती आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. वेळ जून महिन्याची. सान जोव्हान्नीच्या सणाचा आठवडा, आणि त्या सणाची संध्याकाळ.

आधी बोनारियाबद्दल सांगायला हवं.

बोनारिया आसुंताची कोमारे होती. म्हणजे शपथेची बहीण. सान जोव्हान्नीच्या संध्याकाळी अंगणात आग पेटवतात. दोघी एका रुमालाची दोन टोकं धरतात आणि तीनदा आगीवरून उडी मारतात. त्यानंतर त्या आयुष्यभर एकमेकींच्या. सख्ख्या बहिणींनी भांडलेलं चालतं, कोमारेंनी नाही.

या दोघी पोरवयात उडी मारून कोमारे झाल्या. पुढे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, त्याही दोघींनी मिळून. कारासाऊ भाजायची तर दोघी लागतातच. पापडासारखी पातळ रोटी ती. भट्टीत टम्म फुगते. आसुंता भट्टीशी बसायची. फुगलेली रोटी बाहेर आली, की बोनारिया गरम असतानाच तिची कड कापून दोन पदर सुटे करायची. डाव्या हाताने. तिचा चटका कधी चुकला नाही आणि बडबडही कधी थांबली नाही.

शेवटच्या आजारपणात बोनारियाने आसुंताचा हात धरून सांगितलं होतं, "रडतेस काय, वेडे? मी येईन ना भेटायला. आधी तुझ्याकडे, मग देवाकडे."

ती गेली.

आसुंता वाट पाहत राहिली. मृतांच्या सणाला आमच्याकडे रात्री जेवणाचं ताट मांडून ठेवतात. जवळ सुरी ठेवत नाहीत, काटा ठेवत नाहीत. आसुंता दर वर्षी बोनारियाचं ताट मांडायची. सकाळी ते तसंच असायचं. शेजारी घडी घालून ठेवलेला कपडाही हललेला नसायचा.

"अगं, मेलेली माणसं शहाणी असतात," एफिझिओ चिडवायचा. "तुझा मिठाचा हात तिला माहीत आहे."

"एफिझिओ, तोंड आवर."

पण मनात तिला एवढंच हवं होतं. एकदा. फक्त एकदा तिने यावं.

त्या जूनमध्ये लीस्बेट आली. हॉलंडची मुलगी, एकटीच. शांत, हसरी. सकाळी मेंढ्यांच्या मागे हिंडायची, दुपारी सगळे झोपले की सावलीत वाचत बसायची.

एके दिवशी नाश्त्याच्या वेळी ती सहज म्हणाली, "सिन्योरा, तुमच्या आई फार गोड आहेत."

"कोण आई?"

"दुपारी स्वयंपाकघरात असतात त्या. रोट्या लाटतात. डाव्या हाताने."

आसुंताच्या हातातलं दुधाचं भांडं कलंडलं…

तिची आई केव्हाच वारली होती. आणि ती डावखुरी नव्हती.

"काय… काय म्हणाल्या त्या?"

"हळू बोल म्हणाल्या. घरची बाई झोपलीय, तिला उठवू नकोस."

"कुठल्या भाषेत बोलल्या?"

लीस्बेट विचारात पडली. "आठवत नाही. पण मला सगळं कळत होतं."

बोनारियाला आमच्या डोंगरातल्या बोलीखेरीज काही येत नव्हतं.

त्या दुपारी आसुंता झोपली नाही. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, झाडांवर किडे किर्र करत होते. ती दाराकडे डोळे लावून बसली. भीती नव्हती. उलट तिने केस विंचरले होते.

कोणी आलं नाही.

शेवटी ती पाणी प्यायला मागच्या कोठारात गेली. तेवढ्यात…

किडे थांबले.

एकदम. सगळे.

आणि स्वयंपाकघरातून लाटणं फिरल्याचा आवाज आला. मग लीस्बेटचं हसणं.

आसुंता धावली.

आत लीस्बेट एकटीच होती. समोर कारासाऊ. पदर सुटे केलेली, वाफ निघत असलेली. भट्टी तर गार होती.

"अरे, आत्ताच गेल्या!" लीस्बेट म्हणाली. "तुमची पावलं ऐकली आणि उठल्याच."

"माझी पावलं ऐकून?"

"हो."

आसुंताने रोटीला बोट लावून पाहिलं. "माझ्याबद्दल काही विचारलं तिने?"

लीस्बेट घुटमळली. "मी तुमचं नाव काढलं होतं. त्या… लाटतच राहिल्या."

त्या संध्याकाळी आसुंता एफिझिओला म्हणाली, "ती आलीय. माझ्या घरात आलीय आणि मला टाळतेय."

"उन्हाने पोरीचं डोकं फिरलंय."

"भट्टी गार होती, एफिझिओ."

 

मग सणाची संध्याकाळ आली. अजून उजेड होता. एफिझिओने अंगणात आग पेटवली. तिघंच होती, आणि कुत्रा. आगीवर रानटी वनस्पतींच्या जुड्या टाकल्या, धुराला गोडसर वास सुटला.

लीस्बेट खोलीतून आली. हातात पांढरा रुमाल.

आसुंताला वाटलं, पोरीला सगळं कळलंय. आपलं दुःख तिच्या लक्षात आलंय, म्हणून कोमारे व्हायला आली. तिचं मन भरून आलं. तिने हात पुसून पुढे केला.

लीस्बेट ओशाळून हसली.

"नाही, सिन्योरा. माझी जोडीदार आहे."

"कोण?"

लीस्बेटने आपल्या डाव्या बाजूला पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"त्यांनीच शिकवलं मला, रुमाल कसा धरायचा ते."

आणि ती धावली.

रुमालाचं एक टोक तिच्या मुठीत होतं. दुसरं…

दुसरं टोक हवेत ताणलेलं होतं.

लोंबत नव्हतं. फडफडत नव्हतं. कोणीतरी घट्ट धरावं तसं सरळ, ताठ. उडीबरोबर आग दबली. मग लगेच शेजारी पुन्हा दबली. दुसऱ्या कोणाच्या तरी घागऱ्याचा वारा लागावा तशी.

कुत्रा भुंकला नाही. तो शेपूट हलवत आगीपलीकडे गेला. ओळखीच्या माणसाकडे जावं तसा.

दुसरी उडी. तिसरी.

"बोनारिया!" आसुंता ओरडली. "बोनारिया, इकडे बघ! मी आहे!"

आग शांतपणे जळत राहिली.

एफिझिओ सांगतो, त्याने तेव्हा बायकोचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, आगीपासून हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी लीस्बेट गेली. जाताना तिने गाडीचं डावीकडचं मागचं दार उघडलं, थोडी थांबली, मग हळूच लावलं. स्वतः पुढे बसली.

त्यानंतर घरात काही झालं नाही.

दुपारी किडे थांबले नाहीत. आवाज नाही, वास नाही. एफिझिओला बरं वाटलं. आसुंताला नाही. ती म्हणायची, आधी घर रिकामं वाटत होतं, आता ते खरंच रिकामं आहे.

हिवाळ्यात लीस्बेटचा फोन आला. आसुंताने उचलला.

"सिन्योरा, एक विचारायचं होतं. पिठात मीठ आधी घालायचं की नंतर? आमचं एकमत होत नाहीये."

आमचं…

आसुंताने फोन कानाशी घट्ट धरला. "ती आहे तिथे?"

"हो, इथेच बसल्यात."

"तिला सांग, आसुंता बोलतेय. कोमारे आसुंता."

पलीकडे कुजबुज.  लीस्बेट विचारत होती, थांबत होती, पुन्हा विचारत होती.

मग ती फोनवर आली. तिचा आवाज अवघडलेला होता.

"सिन्योरा, माफ करा… त्या म्हणतात, त्या नावाचं त्यांना कोणी आठवत नाही."

ती बोनारियाच होती, की तिचं रूप घेतलेलं दुसरंच काही? आणि दोन्हींतलं बरं कुठलं म्हणायचं? एफिझिओने विचार करणं सोडून दिलंय.

त्यांच्याकडे पाहुणे अजून येतात. आसुंता त्यांचं सगळं नीट करते. पण दुपारच्या वेळी कोणी स्वयंपाकघरात जाऊन बसलं, की ती दारात येऊन उभी राहते आणि विचारते, "एकटेच आहात ना?"

"हो," असं उत्तर येतं.

ती मान हलवते आणि निघून जाते. एफिझिओ म्हणतो, त्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत नाही.