वजनकाट्यापाशी

आमच्या पाथरीच्या मेडिकलात बायका आल्या की आधी वजनकाट्यापाशी उभ्या राहतात. पुरुष गिऱ्हाइकं पांगली की मग काउंटरला येऊन हळूच काय ते मागतात. दुपारी दुकान माझ्याकडं, मी डी.फार्म. झालेली बाईमाणूस, तरी यांची लाज काही सुटत नाही. मला त्याचा वैताग यायचा.

दैवशाला अशीच उभी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, लागोपाठच्या बाळंतपणांनी पार वाळलेली. वजन केलं असतं तर पस्तीस किलोही भरली नसती. हातात परभणीच्या डॉक्टरची चिठ्ठी, गर्भपाताच्या गोळीची.

"ताई, येवढी द्या की."

"ठेवत न्हाई आमी. गावात कुनीच ठेवत न्हाई."

गोळीला बंदी नाही. चिठ्ठी असली की देता येते. पण पाकिटापाकिटामागं सरकारी चौकशी, वर दुकानाला कुलूप लागायची भीती. म्हणून माझे यजमान परमेश्वर यांनी ती ठेवणंच सोडलं. "नसती बला कशाला?" म्हणाले.

पुढं कळलं, तिनं कुणाचा तरी झाडपाला घेतला आणि परभणीच्या वाटेवर, जीपमध्येच, रक्त जाऊन संपली.

तेव्हापासून दुकानात पुरुष असले की रिकाम्या वजनकाट्याची सुई वर चढायला लागली. पस्तीसच्या जरा अलीकडं थरथरत थांबायची. शेवटचा पुरुष पायरी उतरला की शून्यावर यायची, आणि काउंटरच्या काचेवर कुणी श्वास सोडल्यासारखी वाफ धरायची. मी मिस्त्री बोलावला. त्यानं काटा उघडून पाहिला.

"स्प्रिंग तर ठीक हाय की, वहिनी."

परवा सोनोग्राफीत माझ्या पोटातल्या बाळाचे ठोके थांबलेले दिसले. "आत राहिलं तर अंगात विष पसरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तीच गोळी लिहून दिली. त्यांच्याकडंही ती नव्हती.

आज सकाळपासून परमेश्वर चिठ्ठी घेऊन मोटारसायकलवर परभणी, मानवतची मेडिकलं धुंडाळत फिरत होते. मला हुडहुडी भरलेली, कंबर मोडून आलेली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दुपारी ते आले. दुकानात दोन माणसं खोकल्याचं औषध बघत उभी होती. त्यांच्यासमोर विचारायची मला लाज वाटली. मला!

मी काउंटरमागून निघाले आणि वजनकाट्यापाशी जाऊन उभी राहिले. सुई वर थरथरत होती.

परमेश्वरांनी माझ्याकडं पाहून मान हलवली.

"मानवतलाबी न्हाई."

ती माणसं अजून गेली नव्हती. तरी सुई हळूहळू शून्यावर आली.

दैवशालानं सरकून मला जागा करून दिली होती.