बंद खोलीतला अबोला

लोकांचे कान तपासणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करते आहे. आवाज न शिरणाऱ्या लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असू दे. या कामात एक गोष्ट लवकर कळते. मी आवाज सोडलेलाच नसतो, तरी माणसं बटण दाबतात. खोटं बोलत नसतात ती. कान वाट पाहत बसलेला असतो, आणि वाट पाहणाऱ्या कानाला ऐकू येतं.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला लगेच वेड्यात काढणार नाही.

त्या दिवशी रजा टाकून मी ताईकडे निघाले होते, तिचं सामान बांधायला. बरोबर रिकामी खोकी, सुतळी आणि चिकटपट्टी होती. भावजी जाऊन आठ महिने झाले होते. घरमालकाला घर दुरुस्तीसाठी मोकळं करून हवं होतं आणि माझ्याकडे एक खोली रिकामी होती. सगळं ठरलेलं होतं. तरी ताईने तीनदा दिवस पुढे ढकलला. एकदा गुडघे दुखत होते, एकदा पाऊस होता, तिसऱ्यांदा तिने कारणच दिलं नाही. म्हणून या खेपेला मी तिला न विचारता टेम्पो ठरवला. तो पाच वाजता येणार होता.

भावजींबद्दल थोडं सांगायला हवं. इमारतींचे नकाशे काढायचे ते, घरीच, मागच्या खोलीत. त्यांनी ताईवर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. शेजारी म्हणायचे, देवमाणूस आहे, तोंडातून ब्र काढत नाही. तेच तर होतं. ते बोलतच नसत. दार लोटून टेबलावर वाकलेले असत, आणि काही हवं असलं की पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटत. एकदा वाजलं की पाणी. दोनदा वाजलं की इकडे ये. तीनदा वाजलं की चुकलीस. काय चुकलं ते ताईने शोधायचं, आणि सापडेपर्यंत अबोला. एकदा तो एकेचाळीस दिवस चालला होता. कारण काय, तर एका संध्याकाळी चहा निवलेला होता.

ताई लग्नाआधी एका कचेरीत टायपिस्ट होती. बडबडी इतकी, की आई म्हणायची, हिला मुक्याच्या घरी दिली तर तोही कंटाळून बोलायला लागेल. तसं झालं नाही. वर्षभरात तीच कुजबुजायला लागली, फोनवरसुद्धा. मी म्हणायचे, अगं मोठ्याने बोल, माझ्याच कानांची परीक्षा घेतेस का? ती विषय बदलायची.

लग्नाच्या सहाव्या वर्षी ती एक बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली होती. मी तिला आत घेतलं आणि विचारत गेले. मारतात का? नाही म्हणाली. पितात? नाही. बाहेर काही आहे? तेही नाही. मग मी, तिच्याहून सात वर्षांनी धाकटी, तिला म्हणाले की पदरी पडलं आणि पवित्र झालं असं समजायचं, थोडं सांभाळून घ्यायचं. मीच तिला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर ती कधी बॅग घेऊन आली नाही.

तर मी दोनच्या सुमाराला तिच्याकडे पोचले. आभाळ इतकं भरून आलं होतं की भर दुपारी घरात दिवे लावावे लागले. बंद घराचा वास होता, ओलसर कागदांचा आणि पेन्सिलीच्या लाकडाच्या भुशाचा. ताईने विरोध केला नाही. आम्ही स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. ती एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची, मी खोक्यात रचायचे.

तासाभराने मागच्या खोलीतून आवाज आला.

टक्.

कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. ताई उठली. हातातला कागद बाजूला ठेवून तिने माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि ती मागच्या खोलीकडे गेली. काही विशेष घडलंय असं तिच्या चालण्यात कुठेच नव्हतं. मी तिच्या मागे गेले.

खोलीत ते टेबल होतं, खुर्ची होती. पेन्सिल कुठेही नव्हती, नकाशांचं सगळं सामान मीच आठ महिन्यांपूर्वी कोणाला तरी देऊन टाकलं होतं. टेबलावर पाण्याने भरलेले पेले होते, एकाला एक लावून ठेवलेले, वीसेक तरी असतील. मागच्या पेल्यांमधल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. एकाही पेल्यातलं पाणी कमी झालेलं नव्हतं. ताईने नवा पेला शेवटच्या रांगेत ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते गेल्यावर महिन्याभराने."

मी तिला समजावायला लागले. इतकी वर्षं ज्या आवाजाकडे कान लावून बसलो तो थांबला, तरी कान ऐकत राहतो, माझ्याकडे असे कितीतरी लोक येतात, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"असेल," ती म्हणाली. "पण मग मघाशी तू का मान वळवलीस?"



आम्ही पुन्हा कामाला लागलो. मी भराभर बांधत होते. मला ताईची भीती वाटत नव्हती आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाचीही तेवढी नाही. भीती वाटली ती तिच्या चेहऱ्यावरच्या समाधानाची. पेला ठेवून आल्यावर ती शांत दिसत होती, आपलं कोणाला तरी काम आहे अशी.

टेम्पोवाला पाचला आला. मधल्या वयाचा, गप्पिष्ट माणूस. खोकी खाली नेताना त्याची बडबड चालू होती, माझ्या बायकोने एवढी भांडी पाहिली तर मला आजच घराबाहेर काढेल वगैरे. चौथ्या खेपेला तो मागच्या खोलीवरून आला आणि सहज मला म्हणाला, "बाई, आतले साहेब बोलावताहेत बहुतेक. दोनदा वाजवलं त्यांनी."

मी म्हणाले, आत कोणी नाही. तो खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मग उरलेली दोन्ही खोकी त्याने एकदमच उचलली आणि मी खाली थांबतो म्हणून निघून गेला. जिन्यात त्याचं तोंड बंद होतं.

मागची खोली सोडून घर रिकामं झालं. मी ताईचा हात धरून तिला दारापर्यंत आणलं आणि तेवढ्यात ते सुरू झालं. टक् टक्. थांबून पुन्हा टक् टक्. इकडे ये. इकडे ये. मग मधलं थांबणंच संपलं, एकसारखं वाजायला लागलं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. पायाखालची फरशी मला जाणवत होती. ताईने हात सोडवून घेतला.

"तीस वर्षांत एवढं कधी बोलावलं नाही गं त्यांनी मला..."

तिचे डोळे भरून आले होते. या एका गोष्टीसाठी ती सगळा जन्म थांबली होती, आणि आता ती मिळत होती. तिला खेचून न्यावं असं माझ्या मनात आलं. पण मी म्हणाले ते वेगळंच.

"ताई, मी तुला परत पाठवलं होतं. तेव्हा मी तुला ठेवून घ्यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतंस." आणि मग, "म्हणून आता ओढू नकोस. तेव्हा तू पाठवलंस म्हणून गेले. आज माझी मी निघेन, नाहीतर नाही निघणार."

ती आत गेली आणि दार लोटलं. मी बाहेर उभी राहिले. आवाज थांबला. खिडकी उघडल्याचं ऐकू आलं, आणि पाणी खाली पडल्याचं. एक पेला. दुसरा. तिसरा. ती एकेक पेला खिडकीबाहेर रिकामा करत होती. मोजायचं माझ्याने होईना. शेवटचा झाल्यावर ती बोलली. कुजबुजली नाही. कितीतरी वर्षांनी मी तिचा खरा आवाज ऐकला, भरलेला, थोडा घोगरा.

"मी निघते. तुमची तहान माझ्याच्याने भागायची नाही."

मग सावकाश, एकेक करून, तीनदा वाजलं.

टक्... टक्... टक्.

मी डोळे मिटून घेतले. इथे ती नेहमी मोडायची.

"असेल," ताई आतून म्हणाली. "चुकलं असेल."

दार उघडून ती बाहेर आली. जिन्यात तिने मागे पाहिलं नाही. टेम्पोत मात्र ती सबंध वाट रडली, माझ्या खांद्यावर डोकं टेकून, आणि मी तिला गप्प हो म्हटलं नाही. त्या माणसासाठी रडत होती की त्या तीस वर्षांसाठी, मी विचारलं नाही. तिला तरी वेगळं करून सांगता आलं असतं का?

माझ्याकडे ती रुळली. सुरुवातीला कुठे काही वाजलं की उठून उभी राहायची, मग तेही गेलं. आता ती शेजारच्या वाचनालयात याद्या टाइप करते आणि घरी येऊन तिथल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या मला सांगते. कधीकधी बोलता बोलता मधेच थबकते, काहीतरी शोधत असल्यासारखी. स्वतःतलंच काही कुठे ठेवलं ते आठवत नसावं, तशी. मग म्हणते, जाऊ दे.

ही गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तपासणीला एक बाई आल्या. शाळेत शिकवतात. ताईच्या त्या घरात आता त्याच राहतात, घरमालकाकडून त्यांना माझा पत्ता मिळाला होता. मी त्यांना आत बसवलं, सगळ्या पट्ट्यांचे आवाज सोडून पाहिले. एकदाही त्यांनी उगाच बटण दाबलं नाही. इतके स्वच्छ कान मी क्वचितच पाहिले असतील.

मी त्यांना विचारलं, घरात काही टकटक वगैरे ऐकू येते का?

"टकटक नाही हो," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीच्या दाराशी एक मुलगी बोलते. दुपारी. अगदी कोवळा आवाज आहे, नवं लग्न झालेलं असावं तसा. 'रागावलात का? सांगा ना...' एवढंच म्हणत राहते."

माझ्या हातातला हेडफोन मी टेबलावर ठेवला. तसा आवाज ताईचा होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात; पण ताई तर त्या वेळी वाचनालयात होती. तासापूर्वीच तिचा फोन येऊन गेला होता.

"परवा मला राहवलं नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, कोण आहे गं तिथे? तर ती गप्प झाली. मला वाटलं गेली. आणि मग माझ्या अगदी कानाशी येऊन म्हणाली..."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणाली, हळू बोला. ते आत आहेत."