नखांतली माती

सुरुचीच्या हातात अकरा शेवंत्या होत्या आणि बारावीचा देठ काही केल्या तुटत नव्हता. रविवारची सकाळ, सेक्टरमधली शांत गल्ली, कोपऱ्यावर तिरकी लावलेली स्कूटी. ती एकदा गेटकडे बघत होती, एकदा घड्याळाकडे. आणखी एक हिसका, की झालं...

"मॅडमजी, कैंची ला दूँ?"

"अगं आई गं, मेले!"

कुंपणापलीकडे पाण्याची झारी घेऊन एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्याच्या भुवया वर गेल्या.

"मराठी? मग तर आपली लाजच काढली की ओ."

"ओरडू नका हो," सुरुची कुजबुजली. "देवाचं काम आहे. चर्चसाठी हवीत."

"चर्चसाठी चोरी! बायबलातली आठवी आज्ञा, 'चोरी करू नको', पाठ आहे का?"

"आहे. पण तुम्हाला कशी माहीत?"

"मिरजेचा आहे मी. रविवारच्या शाळेत आज्ञा पाठ म्हटल्याशिवाय बिस्कीट मिळायचं नाही." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली आणि सुरुचीला उगीचच बारावा देठ सोडून द्यावासा वाटला.

आता ही चोरी का झाली ते सांगायला हवं. चंदीगडात मराठी ख्रिस्ती माणसं मोजकीच. महिन्यातून एकदा ती उपासनेला जमतात आणि तिथं मंडळीतल्या वडीलधाऱ्या शोभनाकाकूंनी आखलेली फुलपाळी चालते. ज्याची पाळी त्यानं वेदीपुढची फुलं आणायची, ती घरची हवीत, विकतची चालणार नाहीत. शिवाय उभं राहून एका गोष्टीबद्दल देवाचे आभारही मानायचे. सुरुचीनं चंदीगडजवळच्या खरड गावातल्या आपल्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत शेवंती लावली होती. पण ती लवकर फुलावी म्हणून खत घातलं दुप्पट, आणि रोपं उभी जळून गेली. जालन्याची ही पोरगी होतीच तशी. पायाला भिंगरी. पाच वर्षांत चार शहरं आणि तीन नोकऱ्या झाल्या होत्या, सध्याची मोहालीला. कुठल्याही खुर्चीत बसली तरी तिचा उजवा पाय हलतच असायचा.

"न्या फुलं," तो म्हणाला. त्याचं नाव प्रणव. खरडच्या पुढं एका कॉलेजात तो बागकाम शिकवायचा आणि या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचा. खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंची, बीजींची, बाग त्याच्याच हवाली होती. "बीजींना मी सांगतो. पण बदल्यात एक कंद लावायचा, तुमच्या हातानं. पांढरी लिली आहे. ईस्टरला फुलेल."

"ईस्टरला? म्हणजे पाच महिने! तेवढ्यात मी शहर बदलते."

"मग या वेळी शहर नका बदलू," तो सहज म्हणाला, आणि स्वतःच जरा गडबडून झारीत बघायला लागला.

त्या दिवशी उपासनेत आभार मानायला उभी राहिल्यावर सुरुचीला काही सुचेना. "परक्या अंगणाबद्दल..." एवढंच म्हणून ती खाली बसली. तिचे कान तापले होते.

मग दर शनिवारी सुरुची त्या बागेत यायला लागली. कंदाला पाणी घालायला, असं ती म्हणायची. एका कुंडीला किती पाणी लागतं, हे बीजींना न कळायला त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. त्या खिडकीतून हाक मारायच्या, "पुत्तर, चाह पी के जाईं!" आणि कप न सांगता दोन पाठवायच्या.

"तुम्ही आमच्या उपासनेला का येत नाही?" एकदा तिनं विचारलं.

"आलो होतो की एकदा. शोभनाकाकूंनी दारातच विचारलं, 'जमलंय का कुठं?' तेव्हापासून इथल्या हिंदी चर्चला जातो. तिथं निदान प्रसाद संपेपर्यंत कुणी विचारत नाही."

"प्रसाद?"

"चहा-समोसा. आम्ही प्रसादच म्हणतो." तो हसला. पुन्हा तोच एक गाल.

डिसेंबर सरला. जानेवारीत धुकं इतकं उतरलं की चार-चार दिवस सूर्य दिसेना. प्रणवच्या नऊ कुंड्यांतून हिरवे कोंब वर आले होते आणि सुरुचीच्या कुंडीत नुसती काळी माती. तिला ते सहन होईना. मेला असेल का? उलटा लागला असेल? एका शनिवारी तो आत गेलेला बघून तिनं माती उकरली. कंद होता, कोंबही होता. पण तो बघायच्या नादात तिचं बोट जरा जोरात लागलं आणि कोंबाचं टोक कटकन तुटलं.

तिनं घाईघाईनं माती सारखी केली आणि हात शालीत लपवले.

"नखं दाखव," बाहेर येत प्रणव म्हणाला.

"कशाला?"

"नखं."

तिनं हात पुढं केले. नखांत माती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मोडला रे माझ्याकडून... मला फक्त बघायचं होतं."

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

"मी नवरा नाही," ती मुसमुसत म्हणाली.

"नाहीच," तो म्हणाला. आपण 'तू'वर कधी आलो, हे दोघांच्याही तेव्हाच ध्यानात आलं.

त्यानं रुमाल ओला करून तिच्यासमोर धरला. "कंद मातीत गेला की आपलं काम संपलं, सुरुची. आतलं काम देवाचं. आपण पाणी घालायचं आणि आभार मानायचे."

"उगवायच्या आधीच?"

"उगवल्यावर काय, कुणीही मानतं."

हे वाक्य तिच्यासोबत स्कूटीवर बसून खरडपर्यंत आलं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी प्रार्थनेत तिनं काही मागितलं नाही. नुसते आभार मानले. धुक्याचे, दोन कप चहाचे, आणि... पुढचं नाव घ्यायला तिची जीभ अडखळली. देवाला कळलंच असेल.

मार्चमध्ये चंदीगडची झाडं पानं गाळायला लागली. वसंतात पानगळ हे इथलं उफराटंच गणित. त्याच आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. बढतीवर बंगळूर, नको असेल तर आहे तिथंच. उत्तर ईस्टरनंतरच्या सोमवारपर्यंत. आधीच्या प्रत्येक वेळी असल्या पत्राला तिनं पाच मिनिटांत होकार कळवला होता. या वेळी ते पत्र तिनं फोनवर तीसदा उघडलं आणि तीसदा मिटलं.

शनिवारी तिनं प्रणवला सांगितलं. पाय हलत होता, नजर त्याच्या तोंडावर होती. एक शब्द हवा होता तिला. 'थांब.' बस्स, एवढाच.

प्रणव वाफ्यातलं गवत उपटत राहिला. "चांगली संधी आहे," तो म्हणाला.

"हो ना."

"बंगळूरची हवाही... बागेला चांगली."

"मग मी काय तिथं जाऊन बाग लावू?" ती ताडकन उठली. चहा तसाच राहिला. पुढचे दोन शनिवार ती फिरकलीच नाही. रागावली होती त्याच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. ज्यानं थांब म्हटलं नाही त्याच्यासाठी थांबायचं कसं? आणि ज्याला रोज आठवायचं त्याला सोडून जायचं तरी कसं?

ईस्टरला फुलपाळी पुन्हा तिचीच निघाली. ती शोभनाकाकूंनी नोव्हेंबरातच लिहून ठेवली होती.

ईस्टरच्या सकाळी सहाला सुरुची बीजींच्या गेटपाशी उभी राहिली. उजाडलं होतं. नऊ कुंड्यांत पांढऱ्याशुभ्र लिली फुलल्या होत्या, वास गल्लीपर्यंत येत होता. दहावी कुंडी तिची. तिच्यात बाजूनं फुटलेली चार पानं, बाकी काही नाही.

"त्या नऊ ने," प्रणव म्हणाला. केस विस्कटलेले, हात पाठीमागं.

"नाही. घरची फुलं हवीत. चोरीची एकदा झाली." ती आपली कुंडी उचलायला वाकली आणि थबकली. माती भुसभुशीत होती, नुकतीच दाबून सारखी केलेली.

ती हळूच सरळ झाली.

"नखं दाखव."

"कशाला?"

"प्रणव. नखं."

त्यानं हात पुढं केले. दहाच्या दहा नखांत माती.

"तू?" तिचा आवाज चिरकला. "मला पाच महिने शहाणपण शिकवून... तू उकरलंस?"

"आत्ता पहाटे." तो तिच्याकडे बघत नव्हता. "उद्या सोमवार. राहवलं नाही. तू जायच्या आधी काहीतरी दिसायला हवं होतं मला." मग त्यानं बोटानं कडेची माती जराशी सारली. मोडक्या कोंबाच्या बुडाशी हरभऱ्याएवढे दोन पांढरे कंद धरले होते. "टोक मोडलं ना, म्हणून ही पिल्लं आली. यंदा फूल नाही. पुढच्या ईस्टरला, नाहीतर त्याच्या पुढच्या."

"दोन वर्षं?"

"कुणी उकरलं नाही तर." त्यानं मान वर केली. "थांब, सुरुची. मला तू हवी आहेस. मार्चमध्येच म्हणायचं होतं, पण तुला जायचं असेल तर अडवणारा मी कोण, असं वाटलं."

तिनं फोन काढला, ते पत्र एकतिसाव्यांदा उघडलं, दोन ओळींत नकार लिहिला आणि पाठवून दिला. मग कुंडी उचलून त्याच्या हातात दिली.

"धर नीट. मला स्कूटी चालवायचीय."

वेदीपुढं ती बिनफुलांची कुंडी बघून मंडळीत कुजबूज झाली. सुरुची उभी राहिली. या वेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "जे अजून उगवलं नाही, त्याबद्दल आभार," ती म्हणाली. "आणि मोडलेल्याचंही, देवा, तू काहीतरी करतोस, त्याबद्दल." मागच्या बाकावर प्रणवनं मान खाली घातली होती.

उपासना संपल्यावर शोभनाकाकू तरातरा आल्या. त्यांनी प्रणवकडे पाहिलं, त्याच्या नखांकडे पाहिलं, मग सुरुचीकडे.

"काय गं, जमलंय का?"

प्रणव लालबुंद. सुरुची मात्र शांत उभी होती, तिचा पायसुद्धा हलत नव्हता.

"आत्ताच लावलंय, काकू," ती म्हणाली. "उकरून बघू नका."